काकांचा भूतकाळ, माझी सही

आमच्या घरात नोकरीचा अर्ज एकच होता. गल्लीत एकच शिडी असते आणि ज्याचा पत्रा गळतो तो ती घेऊन जातो, तसा तो अर्ज. इंग्रजीतला, टाइप केलेला, कार्बनची निळसर प्रत. आईच्या पत्र्याच्या पेटीत शालूच्या घडीत ठेवलेला, त्यामुळे त्याला कायम डांबरगोळीचा वास. मूळचा तो माझ्या दिगंबरकाकांचा, म्हणजे अण्णांच्या धाकट्या भावाचा. काकांनी तो अर्ज केला आणि महिन्याभरात ते पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात चिकटले. काका तिथं शेवटपर्यंत कारकूनच राहिले, पण अर्ज मात्र त्याच दिवशी देवपदाला पोचला. मेहकरहून मावशीचा दीर यायचा, सोनाळ्याहून आत्याचा जावई यायचा. येताना नारळ आणायचे, ओट्यावर बसून, मान वाकडी करून अर्ज उतरवून घ्यायचे आणि जाताना आईच्या पाया पडायचे. अट एकच: नाव, गाव आणि सही सोडून एक अक्षर बदलायचं नाही. "जे बियाणं उगवलं थेच पेरावं," अण्णा म्हणत. ज्यांना नोकरी लागली त्यांची नावं घरात कौतुकानं घेतली जात. ज्यांना लागली नाही त्यांनी उतरवताना कुठंतरी हयगय केली असणार, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

अर्जात होतं काय? तर काकांनी म्हणे एका जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात रुईच्या गाठी बांधायच्या प्रेसवर तीन वर्षं देखरेख केली होती. ते तालुक्याच्या कबड्डी संघाचे कप्तान होते. शिवाय त्यांच्याकडं अवजड वाहन चालवायचा परवाना होता. आता आमचे काका म्हणजे पाच फूट दोन इंच. सायकलवरून जाताना उतार लागला की खाली उतरून सायकल हातात धरून चालणारे. कबड्डीचं म्हणाल तर त्यांना अंगणातली कोंबडीसुद्धा धरताना मी पाहिलं नाही. पण हे सगळं इंग्रजीत होतं, आणि इंग्रजीत लिहिलेलं खोटं असू शकतं ही कल्पना आमच्या घराला शिवलेली नव्हती. खोटं मराठीत बोलायचं असतं, तेही पाहुण्यांसमोर.

अण्णा देऊळगाव राजाच्या बस स्टँडवर कंट्रोलर होते. घर स्टँडच्या मागच्याच गल्लीत, त्यामुळे माझा बाप दिवसभर कर्ण्यातून घरात बोलत असायचा. जालना, चिखली, बुलढाणा, मेहकर, फलाट क्रमांक दोन, प्रवाशांनी खिडकीतून पिशव्या टाकू नयेत. आई चुलीपाशी भाकऱ्या थापता थापता त्या आवाजावरून माणसाची तब्येत ओळखायची. आवाज घोगरा आला की दुपारीच आलं ठेचून ठेवायची. 'प्रवाशांनी' या शब्दावर जास्त जोर आला की म्हणायची, "आज कोणाशी तरी वाजलं वाटते बाप्पा, भाजीत तिखट कमीच टाकते." घरीही अण्णा तसंच बोलत. पाटावर बसले की "भाकरीले उशीर होऊन राह्यला" असं जाहीर करत, जशी काही आमची भाकरी सिंदखेडच्या अलीकडं कुठंतरी पंक्चर होऊन उभी आहे. बोली आमची ना धड वऱ्हाडी, ना धड जालन्याकडची. स्टँडवर दोन्हीकडचे लोक उतरतात, त्यांच्याबरोबर शब्दही उतरले आणि पुढची गाडी न मिळाल्यानं आमच्याच घरी मुक्कामाला राहिले.

या घराचं एक गुपित होतं. पोळा झाला की आई आणि मी मामाच्या गावी जात असू. शेजारी सांगायचं, माहेरपणाला. शाळेत आणि पुढं कॉलेजात सांगायचं, निमाला ताप आहे. तसा रजेचा अर्ज अण्णा स्वतः वळणदार अक्षरात लिहीत, आणि दरवर्षी सहा आठवडे मला न चुकता ताप येई. प्रत्यक्षात मामाच्या शिवारात कपाशीच्या बियाण्याचे प्लॉट असत आणि आम्ही तिथं रोजानं क्रॉसिंग करत असू. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर अंगठ्याच्या नखानं सोलायची, आतला नराचा भाग अलगद काढून टाकायचा, वर लाल कागदाची टोपी घालायची. सकाळी टोपी काढून दुसऱ्या वाणाच्या फुलाचा पराग त्यावर चोळायचा आणि देठाला दोरा बांधायचा. नख वाढवावं लागतं आणि त्याला धार ठेवावी लागते. जास्त दाबलं तर कळी मरते, कमी दाबलं तर बी भेसळीचं होतं. चौदाव्या वर्षापासून हे काम मला येत होतं, आणि आता लाजायचं वय गेलं म्हणून सांगते, फार चांगलं येत होतं. पण कंट्रोलरची पोरगी दुसऱ्याच्या रानात रोजानं जाते हे गावाला कळणं अण्णांना मरणाहून वाईट. बोटांचा पिवळेपणा पुढं कितीतरी दिवस जात नसे. कोणी विचारलं तर आई शांतपणे म्हणायची, "तापावर हळद लावलती."

माझं बी.ए. झालं आणि चिखलीचं स्थळ आलं. मुलाचं खताचं दुकान, घरची बागायत, आणि मुलाच्या वडलांची एकच अट: सून नाजूक पाहिजे, रानात राबलेली नको, उन्हातल्या पोरी लवकर जून दिसतात. अण्णांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "आमच्या पोरीनं अजून ढेकूळ पायाखाली घेतलं नाई." मी आतल्या खोलीत अंगठ्याचं नख दातात धरून ऐकत होते. मुलगा मी एकदा त्याच्या दुकानात पाहिला होता. तो गिऱ्हाइकाला 'काय बे' म्हणत होता, आणि ते गिऱ्हाईक त्याच्या आजोबांच्या वयाचं होतं. मला तेवढं पुरलं. मी अण्णांना म्हटलं, मला नोकरी करायची आहे. अण्णांनी वेळापत्रक जाहीर केलं: "दिवाळीपर्यंत लागली तर चिखलीवाल्याईले नाई म्हणतो. नाई लागली तर थे पाह्यले येतील, अन् तू गुपचूप हाव म्हणशील." त्याच आठवड्यात जालन्याच्या एका बियाणे कंपनीची जाहिरात आली. कार्यालयीन सहायक पाहिजे, अर्ज इंग्रजीतून. आईनं पेटी उघडली.

इथं डोईफोडे सरांचा प्रवेश होतो. पिठाच्या गिरणीच्या माडीवर त्यांचा टायपिंगचा आणि इंग्रजीचा क्लास होता. गिरणी सुरू झाली की बाकं थरथरायची, आणि सरांच्या भुवयांवर बारा महिने ज्वारीचं पीठ. सरांचं सगळं इंग्रजी भूतकाळावर उभं होतं. "अर्ज म्हणजे काय? माणसाचा भूतकाळ. भूतकाळ नीट नसला तर साहेब भविष्यकाळ देत नाई," असं ते प्रत्येक पोराला फी घेण्याआधी सांगत. मी काकांचा अर्ज टाइप करायला नेला तर त्यांनी लाल पेन उघडलं आणि एकेक क्रियापदाला असं गोल करत गेले, जसा काही डॉक्टर कांजिण्या बघतोय. प्रेसवरचं काम संपलंही होतं आणि अजून चालूही होतं. कबड्डी पुढच्या वर्षी खेळून झाली होती. ट्रक आधी चालवला होता, परवाना मागाहून मिळाला होता. "या माणसाच्या आयुष्यात आधी काय झालं अन् मंग काय, याचा पत्ताच नाई लागत," सर म्हणाले. "अन् याले नोकरी लागली?"

रविवारी घरी बैठक बसली. आईनं वांग्याचं भरीत केलं होतं, कच्च्या तेलाचं आणि पातीच्या कांद्याचं. काकांना बोलावलं, सरांनाही बोलावलं. काका पहिल्याच घासाला लाल झाले, आणि ते मिरचीनं नव्हे. "याच चुकांवर मी लागलो ना? तुमी चुका काढसान अन् पोरगी नाई लागली, तर मंग मले बोलायचं नाई."

"काका, सर म्हणतात भूतकाळाचे चार प्रकार असतात," मी म्हटलं.

"होऊन गेलं थे होऊन गेलं," आई तव्यापासून म्हणाली. "त्याचे चार प्रकार कशाले? एकदा रडून झालं की पुरे नाई काय?"

सरांनी भाकरीचा तुकडा हातात धरून समजवायला सुरुवात केली, आणि समजवता समजवता त्यांना कंट्रोलरसमोर बसल्याची आठवण झाली म्हणून गाडीचं उदाहरण घेतलं. अण्णांचा हात घासासकट थांबला. "थांबा थांबा. गाडी निघाली, हे एक. गाडी निघाली आहे, म्हणजे आता पळून फायदा नाई, हे दुसरं. अन् प्रवासी आला तवा गाडी निघून गेलती, म्हणजे चूक त्याची, त्यानं तक्रारवही मागू नये, हे तिसरं. असंच ना सर?" डोईफोडे सरांनी तुकडा ताटात ठेवला आणि उष्ट्या हातानंच नमस्कार केला. "इतक्या वर्षांत एका पोराले नाई कळलं हो हे!" त्यानंतर अण्णांना आवरणं कठीण होऊन बसलं. पंधरा दिवस ते घरातल्या प्रत्येक घटनेला काळ लावत होते. दूध उतू गेलं की आईला विचारायचे, "तू आली तवा गेलतं, का तू आल्यावर गेलं?" आई त्यांना ज्या नजरेनं उत्तर द्यायची तिला एकच काळ होता.

शेवटी तडजोड झाली. क्रियापदं दुरुस्त करायची, मजकुराला हात लावायचा नाही. देवापुढं नारळ फुटला, सरांनी लाल पेननं शस्त्रक्रिया केली आणि काकांनी तोंड फिरवून घेतलं. सगळी कामं आपापल्या वेळी सुरू होऊन आपापल्या वेळी संपली. काकांचा भूतकाळ आयुष्यात पहिल्यांदा शुद्ध झाला.

"अण्णा, पण मले ट्रक कोठी चालवता येते?" मी विचारलं.

"तू फक्त काळ पाह्य."

"अन् कबड्डी?"

"मजकूर कोण वाचते, निमे? इंग्रजी किती शुद्ध आहे थे पाह्यतात."

मी सही केली. बापाच्या धाकानं केली असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण तसं नव्हतं. मलाही वाटत होतं की साहेब लोक मजकूर वाचत नसणार. आणि माझ्या खऱ्या आयुष्यात इंग्रजीत लिहिण्याजोगं होतं तरी काय? ताप?

परवाच पुण्याहून भाचीनं तिचा अर्ज मला फोनवर पाठवला. हल्ली अर्ज यंत्रच लिहून देतं. भूतकाळ असा तुळतुळीत, की डोईफोडे सरांनी आपल्या हातानं नारळ फोडला असता. त्यात तिनं एका मोठ्या गटाचं यशस्वी नेतृत्व केलं होतं. मी विचारलं, कोणता गट गं? "अगं मावशी, ते सगळेच टाकतात." आमच्या वेळी निदान अर्ज उतरवायला हात तरी दुखायचा.

मुलाखतीला अण्णा सोबत आले. कंपनीच्या व्हरांड्यात बियाण्यांच्या थैल्यांची थप्पी, औषध लावलेल्या बियांचा उग्र वास. अण्णांनी बाहेर बाकावर थांबायचं होतं, पण दार उघडं होतं, आणि उघडं दार दिसलं की अण्णांना तो आपलाच फलाट वाटे. ते आत येऊन माझ्या खुर्चीमागं उभे राहिले. साहेब पन्नाशीचे, वाळके, चष्मा दोरीनं गळ्यात.

"निर्मलाबाई, ढीगभर अर्ज आलेत. भूतकाळ धड वापरलेला एवढा एकच. कुणी लिहिला?"

"मीच."

माझ्या डोक्यामागं अण्णांचा श्वास अभिमानानं फुगलेला मला ऐकू आला.

"छान. तर तुम्ही गाठींच्या प्रेसवर तीन वर्षं देखरेख केली होती."

"हो."

"बी.ए. करता करता."

"हो."

"आणि कबड्डीच्या कप्तान. आणि ट्रकचं लायसन." त्यांनी चष्मा खाली सोडला आणि शेजारच्या खोलीकडं बघून हाक मारली, "अहो, इकडं या जरा. आपल्याला ड्रायव्हर पाहिजे होता ना?" दोघंजण येऊन दारात उभे राहिले आणि हसू दाबायची तसदी त्यांनी घेतली नाही. त्या दोघांचा मला आजही राग आहे. त्यांच्या जागी मी असते तर अर्थात खुर्ची ओढून बसले असते.

अण्णा पुढं सरकले. "साहेब, माफ करा, पण काळ तर बरोबर आहेत ना?"

"काळ बरोबर आहेत हो," साहेब म्हणाले. "माणूस चुकलाय."

मी उठले. अर्ज परत घ्यायला हात पुढं केला, तर साहेब अर्ज सोडेनात. ते माझ्या हाताकडं बघत होते. त्या वर्षीचा क्रॉसिंगचा हंगाम संपून आठवडाही झाला नव्हता.

"हे नख?"

"फॅशन हाय साहेब," अण्णा घाईनं म्हणाले. "आजकालच्या पोरी."

"एकाच अंगठ्याला?"

त्या क्षणी मला चिखलीचं खताचं दुकान दिसलं, गल्ल्यामागं तो, आणि त्याच्या घरात उरलेलं आयुष्य नाजूकपणे बसलेली मी. अण्णांकडं बघितलं असतं तर माझ्यानं बोलवलं नसतं, म्हणून मी टेबलाकडं बघून म्हटलं, "क्रॉसिंगचं नख आहे साहेब. आठ वर्षं झाली. अर्जातलं काहीच माझं नाई. हे एवढं माझं आहे."

अण्णांनी डोळे मिटून घेतले. जणू हे मी स्टँडच्या कर्ण्यावरून बोलले होते. दारातले दोघं हसायचे थांबले. साहेबांनी मला बसवलं आणि विचारत सुटले. कळी कधी सोलता? दुपारी तीननंतर. भेसळ कशी टाळता? दोरा नसलेलं बोंड त्या वेचणीत घ्यायचंच नाही. बायका फसवतात?

"फसवतात तर. कळी न सोलताच वरून टोपी घालतात. दुरून रान लाल दिसलं की मालक खूश."

"तुम्ही घातलीत कधी?"

"दोनदा. लय ऊन होतं."

साहेब पहिल्यांदा मनापासून हसले. "मग हे अर्जात का लिहिलं नाही?"

"हे काम थोडंच आहे साहेब? हे तर ताप असते."

साहेबांना ते कळलं नाही. माझ्या मागं उभ्या माणसाला कळलं.

त्यांनी कोरा कागद पुढं केला आणि म्हणाले, आत्ता सांगितलंत ते इंग्रजीत लिहा. मी लिहिलं. डोईफोडे सरांनी ते पाहिलं असतं तर गिरणीत उडी घेतली असती. एकही क्रियापद ठिकाणावर नव्हतं. आठ वर्षांतली प्रत्येक कळी मी अजून सोलतच होते. साहेबांनी वाचलं, घडी घातली. "ऑफिसात तुमची गरज नाही. प्लॉट फिरून टोप्या उचलून बघणारं माणूस पाहिजे. सोमवारी या, महिनाभर बघू." मग अण्णांना म्हणाले, "ट्रक तेवढा घरीच ठेवा."

परतीच्या गाडीत अण्णा खिडकीशी बसले. कंडक्टरनं नमस्कार केला तो त्यांना दिसला नाही. देऊळगाव दिसायला लागलं तेव्हा एकदाच म्हणाले, "आता लोकाईले काय सांगू मी?"

घरी काका ओट्यावर वाट बघत होते. नोकरी लागली म्हटल्यावर त्यांनी मांडीवर थाप मारली, "पाह्य! माझा अर्ज!" मग मी सगळं सांगितलं, ट्रकसकट. काका बराच वेळ सुपारी कातरत राहिले. "मले तरी ट्रक कोठी येते, दादा?" ते अण्णांना म्हणाले. "मेहकरच्या स्टँडवर एक टायपिस्ट बसे. त्याच्याजवळून उतरवलता मी. त्याच्याजवळ तो कोणाचा आलता, देव जाणे." म्हणजे कुठंतरी एक धिप्पाड माणूस खरंच होता. त्यानं गाठी बांधल्या होत्या, कबड्डी खेळली होती, ट्रक चालवला होता, आणि त्याचं आयुष्य आमचं खानदान इतकी वर्षं वापरत होतं. त्या बिचाऱ्याला नोकरी लागली असेल का, मी विचारलं.

"लागली असती तर त्याचा अर्ज त्या टायपिस्टाजवळ कशाले पडून राह्यला असता?" आई म्हणाली आणि भाकऱ्या करायला उठली.

मी कामाला लागले. अण्णांनी गल्लीत सांगितलं, पोरगी कंपनीत लागली. त्यापुढं कोणी विचारलं तर त्यांना लगेच एखादी गाडी सोडायची असायची. चिखलीला त्यांनी ठरल्याप्रमाणं नकाराचं पत्र टाकलं, पण पत्राआधी बातमी पोचली आणि दिवाळीत चिखलीवाले न बोलावता हजर झाले. नाजूक सून हवी होतीच, पगारी मिळत असेल तर सोन्याहून पिवळं. मुलगा, त्याचे वडील आणि एक मामा ओट्यावर सतरंजीवर बसले. मी पोह्यांच्या बशा घेऊन उंबऱ्यात उभी. मुलाचे वडील म्हणाले, "नोकरीले आमची ना नाई. पण काम पंख्याखालीच असते ना? उन्हात नाई ना जा लागत पोरीले?"

अण्णांना फक्त 'हाव' म्हणायचं होतं. आयुष्यभर त्यांनी याहून मोठं खोटं वळणदार अक्षरात लिहिलं होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग पाहुण्यांकडं. कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारच्या सुलाकाकूंचं डोकं वर आलं होतं, ते त्यांना दिसलंच. ते उठून उभे राहिले. घसा साफ केला.

"रानात जाते," अण्णा म्हणाले. "आठ वर्षं रोजानं जात होती, आता कंपनीकडून जाते. ढेकळाचं मी तुम्हाले खोटं सांगतलं होतं."

मुलानं हातातला चमचा बशीत ठेवला. त्याचे वडील काहीतरी बोलायला लागले, पण अण्णांचं लक्ष तिकडं नव्हतं. ते भिंतीकडं वळले आणि जरा मोठ्या आवाजात, प्रत्येक शब्द सुटा करून, सुलाकाकूंना तेच पुन्हा एकदा सांगितलं.